गिअर कडक पडतोय? गिअर ऑईल निवडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल आणि स्पेअरच्या दुकानात काउंटरमागं बसून मला बरीच वर्षं झाली. दिवसाला निदान दोघं-तिघं येतात आणि एकच वाक्य बोलतात, "गिअर कडक पडतोय, जरा चांगलं ऑईल द्या." चांगलं म्हणजे काय, यावर पंधरा मिनिटं जातात, मागं गिऱ्हाईक ताटकळतं आणि चहा गार होतो. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. हे सगळं मॅन्युअल गिअरच्या मोटारीबद्दल आहे. ट्रॅक्टरवाल्यांनी आणि बुलेटवाल्यांनी राग मानू नये.

गिअर ऑईल बदललं की गिअर मोकळा पडेल का?

दोष तेलाचा असेल तर पडेल. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारींत तो तेलाचा नसतो. म्हणून डबा घ्यायच्या आधी घरच्या घरी दोन तपासण्या करा, पैसा लागत नाही.

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद. क्लच दाबून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून, पुन्हा तेच करा. बंद असताना अलगद पडतात आणि चालू केल्यावर झगडावं लागतं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ढिली पडली असेल, हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल, नाहीतर प्लेट ओढत असेल. दुसरी तपासणी अशी: इंजिन चालू, क्लच पूर्ण खाली, मनात तीन-चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (फिरत्या भागांचा वेग एक करणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळं आतला शाफ्ट थांबल्याशिवाय तो गुपचूप पडत नाही. एवढं थांबूनही खर्र झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे पुन्हा क्लचच. जगातलं सगळ्यात महागडं गिअर ऑईल घाला, काही फरक पडणार नाही.

इंजिन बंद असतानाही लिव्हर जड लागत असेल, तर आधी लिव्हरखालचे बुश आणि गिअरच्या केबल बघायला सांगा. आतून गंजलेली केबल गिअर बॉक्स खराब झाल्याचं हुबेहूब सोंग आणते.

मग तेलाचा दोष कसा ओळखायचा?

सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरला दुसरा गिअर अडतो, जोर लावावा लागतो, आणि गाडी तापली की तोच गिअर शहाण्यासारखा पडायला लागतो, तर तेलावर संशय घ्या. एक तर ते जास्त घट्ट आहे, नाहीतर चुकीच्या जातीचं आहे, नाहीतर म्हातारं झालंय. लेव्हल कमी असेल तर अडण्यापेक्षा आवाज जास्त येतो.

गाडी गार असो की गरम, एकच ठराविक गिअर दर वेळी खरखर करत असेल, तर त्या गिअरची पितळी रिंग गेलीय. आणि पडलेला गिअर चालता चालता आपोआप सुटत असेल, तर ऑईलच्या दुकानात न येता मिस्त्रीकडं जा.

तेलाचा आणि गिअर पडण्याचा संबंध तरी काय? तेल तर दात झिजू नयेत म्हणून असतं ना?

हा खरा मुद्दा आहे, इथं जरा थांबू.

आमच्या दुकानामागं एक मिस्त्री गिअर बॉक्स उघडतात. मी मोकळा असलो की जाऊन बसतो. एकदा त्यांनी एक सिंक्रोनायझर रिंग माझ्या तळहातावर ठेवली. बांगडीएवढं पितळी कडं, बाहेरून दातेरी. आतून बोट फिरवलं तर बारीक आटे लागले, नटाच्या आत असतात तसे, पण त्याहून नाजूक आणि टोकदार. "हे आटे आहेत म्हणून तुमचा गिअर पडतोय," ते म्हणाले. मग त्यांनी ती रिंग गिअरच्या पोलादी कोनवर बसवून हातानं दाबली आणि मला फिरवायला सांगितली. हलेना. नंतर एक झिजलेली रिंग तशीच दाबून दिली. ती कोनवर गरागरा फिरली.

आत घडतं ते एवढंच. तुम्ही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाता तेव्हा ज्यांना एकमेकांत अडकायचंय ते दोन भाग वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. लिव्हर ढकलली की पितळी रिंग पोलादी कोनवर दाबली जाते, छोट्या ब्रेकसारखी घासून दोघांचा वेग एक करते, आणि मगच स्लीव्ह पुढं सरकून गिअर पडतो. पण हा ब्रेक तेलात बुडालेला असतो. आट्यांच्या धारांनी मधला तेलाचा थर कापून बाजूला सारला तरच पितळ पोलादाला धरणार. तेल फार घट्ट असेल तर थर लवकर कापला जात नाही. तेल गरजेपेक्षा निसरडं असेल तर थर कापूनही रिंग घसरत राहते.

म्हणजे गिअर ऑईलकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो: दातांना निसटू दे, रिंगला धरू दे. तेलाची सगळी निवड या ओढाताणीतली आहे.

घट्ट तेल म्हणजे जास्त संरक्षण, असं आमचे मिस्त्री सांगतात.

जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींचा हा हिशेब आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. झिजलेल्या दातांचा आवाज घट्ट तेलात दबतो. गिऱ्हाईक खूश. पण दबतो तो आवाज, झीज नव्हे. वर रिंगला तो थर कापायला जास्त वेळ लागतो, आपण लिव्हर जोरात ढकलतो, आणि रिंग आणखी झिजते. गिअर अडतोय म्हणून घट्ट तेल घालणं हे खोकल्यावर बर्फाचा गोळा खाण्यासारखं आहे.

डब्यावरचं ७५डब्ल्यू-९० म्हणजे काय?

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरमपणीचा. हे आकडे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे३०६ या मानकातून येतात. अत्यंत थंडीत तेल ठराविक मर्यादेपेक्षा जास्त घट्ट होता कामा नये, अशी परीक्षा असते. ७५डब्ल्यूची ती परीक्षा उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर, ८५डब्ल्यूची उणे १२ वर. दुसरा आकडा १०० अंशांना तेल किती दाट राहतं ते सांगतो: ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक, आकडा मोठा तेवढं तेल दाट), १४० म्हणजे २४ ते ३२.५.

आणखी एक गैरसमज. इंजिनात ४० ग्रेड आणि गिअर बॉक्समध्ये ९०, म्हणजे गिअरचं तेल दुपटीनं घट्ट, असं नाही. दोन्हींच्या फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिन ऑईलचं ४० म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स. गरम झाल्यावर दोघं जवळजवळ शेजारी आहेत.

कोल्हापुरात उणे ४० कुठलं? मग आम्हाला ७५डब्ल्यू कशाला?

रास्त प्रश्न. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांच्या आसपास येतो, आणि तेवढ्यावर आपण कानटोपी काढतो. बर्फाच्या देशातले लोक ७५डब्ल्यूचं कौतुक करतात ते कारण इथं लागू नाही.

पण दुसरं एक कारण लागू आहे. गिअर बॉक्सला स्वतःची आग नसते. इंजिन पाच-सात मिनिटांत तापतं, गिअर बॉक्सचं तेल रेंगाळत तापतं. तुम्ही राजारामपुरीतून निघून रंकाळ्याला फेरी मारून परत येता, तेवढ्यात ते धड कोमटही झालेलं नसतं. म्हणजे शहरात गाडी चालवणाऱ्याचा बहुतेक प्रवास गार तेलावरच होतो, भर मे महिन्याचा अपवाद सोडला तर. आणि गारपणी फरक मोठा आहे: ४० अंशांना साधं ८०डब्ल्यू-९० खनिज तेल साधारण १३० ते १५० सेंटिस्टोक्स भरतं, तर ७५डब्ल्यू-८० प्रकारचं तेल त्याच्या निम्म्याहूनही कमी. पहाटे १५ अंशांना ही दरी आणखी रुंदावते.

म्हणून माझा सल्ला: तुमच्या गाडीच्या पुस्तकात एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील आणि गिअर सकाळी कडक पडत असेल, तर त्यातली पातळ ग्रेड घ्या. पुस्तकाच्या बाहेर जाऊन आणखी पातळ नको.

आणि घाट? गगनबावड्याला, आंबा घाटात पातळ तेल टिकेल का?

पुस्तकात लिहिलेली ग्रेड असेल तर टिकेल. कंपनीनं डोंगर मोजूनच ती लिहिलेली असते. चार माणसं आणि सामान घेऊन करूळ घाट चढताना तेल तापतं हे खरं, पण छोट्या मोटारीच्या गिअर बॉक्सला त्यासाठी १४० नंबर लागत नाही. तुम्ही कायम भरलेली गाडी घेऊन घाटातूनच ये-जा करत असाल, आणि पुस्तकात ७५डब्ल्यू-८० व ७५डब्ल्यू-९० दोन्ही चालतात असं असेल, तर ९० घ्या. फक्त पन्हाळ्याला पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांनी एवढा विचार करू नये.

घाटापेक्षा गिअर बॉक्सचा जीव खातो तो ऊस हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं, ओव्हरटेकला जागा नाही, आणि तुम्ही पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत कारखान्यापर्यंत. दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यात आधी का जाते, याचं उत्तर त्या रस्त्यावर आहे.

जीएल-४ घ्यायचं की जीएल-५? पाच मोठा, म्हणजे चांगला ना?

नाही. हा आकडा शाळेच्या इयत्तेसारखा नाही. कामं वेगळी आहेत.

जीएल हे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं गिअर ऑईलचं वर्गीकरण. जीएल-५ जन्माला आलं ते हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या, चाकं फिरवणाऱ्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीसाठी. तिथं पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तो दाब साधं तेल पिळून बाहेर काढतो. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं भरपूर घालतात, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. ती दातांवर एक रासायनिक पापुद्रा धरतात आणि पोलाद वाचवतात.

तीच रसायनं पितळी रिंगेच्या मुळावर येतात, दोन तऱ्हांनी. एक तर पृष्ठभाग इतका निसरडा होतो की रिंग कोनला धरत नाही. दुसरं, सक्रिय गंधक तापलेल्या पितळावर हळूहळू चढतं, पितळ काळवंडतं आणि कुरतडलं जातं. हे एका रात्रीत होत नाही, म्हणूनच कुणाला पटत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या मोटारींत गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात, एकाच तेलावर चालतात. तिथलं डिफरन्शियल हायपॉइड नसतं, साध्या तिरप्या दातांचं असतं. त्यामुळं जीएल-५ ची गरजच नाही. पुस्तकात जीएल-४ लिहिलंय तर जीएल-४.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. काउंटरवर बसायला लागलो त्या सुरुवातीच्या काळात माझी एक जुनी छोटी मोटार होती. दुसरा गिअर सकाळी थोडा अडायचा. एका गॅरेजवाल्यानं "भावा, गाडीला जड तेल पाहिजे" म्हणत ड्रममधलं १४० नंबर, जीएल-५, भरून दिलं. पैसेही थोडे घेतले. दुपारी गाडी एकदम गप्प झाली, आवाज गायब, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुसरा गिअर पडेचना. पहिल्यात ओरडत ओरडत कावळा नाक्यापर्यंत गेलो. तसाच चार-पाच महिने रेटला, कारण दुपारी बरा चालायचा. शेवटी तेल काढलं, पुस्तकातलं जीएल-४ घातलं, दुसरा गिअर आठवडाभरात सुधारला. तिसऱ्याची खरखर मात्र तेवढ्यात लागलेली, ती गेली नाही. रिंग बदलावी लागली. तेलात वाचवलेले पैसे मजुरीत कितीतरी पटीनं गेले.

डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही लिहिलंय. चालेल?

काही चांगल्या तेलांत पितळाला त्रास न देणारी रसायनं वापरतात, त्यामुळं असा दावा अगदी खोटाच असतो असं नाही. पण पितळ सुरक्षित आहे म्हणजे रिंगला पकड मिळेल, असंही नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीची चाचणी दिलेली असते, १ ते ४ अशी श्रेणी. १ए किंवा १बी असेल तर पितळाची काळजी मिटली. माझ्या अनुभवात, गिअर मोकळा पडावा हाच हेतू असेल तर निव्वळ जीएल-४ लिहिलेला डबा बरा.

माझी बोलेरो आहे. शेजाऱ्याची ईको. आम्हालाही हेच?

तुमच्याकडं दोन वेगळे डबे आहेत: पुढं गिअर बॉक्स, मागं ॲक्सलमध्ये क्राऊन-पिनियन. मागं हायपॉइड आहे, तिथं जीएल-५ च पाहिजे, आणि तिथं जीएल-४ घालणं ही उलट दिशेची चूक. गिअर बॉक्सचं पुस्तकात बघा. दोन्हीकडं एकच तेल ओतून मोकळं होणारे गॅरेजवाले आहेत, समोर उभं राहा आणि विचारा, "दादा, पुढं कुठलं, मागं कुठलं?"

सिंथेटिक तेलाला तिप्पट पैसे का द्यायचे?

गारपणी पातळ आणि गरमपणी तेवढंच टिकून राहणं, हे सिंथेटिकला सहज जमतं. खनिज तेल एकीकडं जमवलं की दुसरीकडं ढळतं. तेल जास्त दिवस टिकतं, आणि सकाळचा दुसरा गिअर खरोखर सुधारतो, हा फरक गिऱ्हाइकांनी मला येऊन सांगितलाय. फरक न जाणवलेलेही आहेत. त्यांच्या गाडीत आधीच योग्य ग्रेड होती.

पण चुकीच्या जातीचं सिंथेटिक हे योग्य खनिज तेलापेक्षा वाईट. दुकानात सगळ्यात जास्त मागणी असते ती ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सिंथेटिकला, कारण डबा देखणा असतो. छोट्या मोटारीसाठी मी तो काउंटरवरून परत कपाटात ठेवतो. गिऱ्हाईक कधी कधी चिडून दुसऱ्या दुकानात जातं. जाऊ दे.

कंपनीचं 'एमटीएफ'च (मॅन्युअल गिअर बॉक्सचं खास तेल) घालायचं का? की साधं गिअर ऑईल चालेल?

काही कंपन्यांनी रिंगेचं घर्षण धरून स्वतःचं तेल बनवून घेतलंय. होंडाचं एमटीएफ त्यातलं प्रसिद्ध. ते बाजारातल्या ९० नंबरपेक्षा बरंच पातळ असतं. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तकात तर, ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईल घाला, असं लिहिलेलं आहे. हे वाचून लोक दचकतात. काही परदेशी बनावटीच्या मॅन्युअल गिअर बॉक्समध्ये तर ऑटोमॅटिकचं लाल एटीएफ भरतात. अशा गाडीत नव्वद नंबर घातलं की गिअर दगडासारखा होतो, आणि मालक म्हणतो गाडीच भंगार.

थोडक्यात, पुस्तकात खास तेल लिहिलं असेल तर तेच घ्या. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलचं मिळतं. गाडीचं वर्ष नक्की सांगा. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी गिअर बॉक्स बदललेला असतो.

कुठला ब्रँड?

सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, शेल, गल्फ, कुठलाही. ग्रेड आणि जीएल बरोबर असेल तर नावावरून भांडू नका. सील, बॅच नंबर आणि छापील किंमत मात्र बघा. ड्रममधलं सुटं तेल नको. त्यात काय आहे हे ड्रमलाही माहीत नसतं.

किती तेल लागतं, आणि बदलताना काय बघायचं?

छोट्या मोटारीला साधारण दोन ते अडीच लिटर. नेमका आकडा पुस्तकात.

बदलताना एक गोष्ट विसरू नका: आधी वरचा, भरायचा प्लग उघडायचा, मग खालचा. खालचा उघडून तेल सगळं सांडलं आणि वरचा गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी तिथंच. मी हे दोनदा पाहिलंय, एकदा रविवारी, दुकानं बंद असताना. तेल थोडं कोमट असताना काढा, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. वॉशर नवीन घाला, काही रुपयांचा असतो. भरताना गाडी सपाट हवी. जॅकवर एका बाजूनं उचललेल्या गाडीत लेव्हल कधीच खरी लागत नाही. बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं, थेंब बाहेर यायला लागले, की बास. जास्त भरलं तर ते फेसाळतं, सीलमधून बाहेर येतं आणि क्लच प्लेटपर्यंत पोचलं तर वेगळंच दुखणं.

काढलेल्या तेलात चमक दिसली. घाबरायचं का?

तेल पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात धरा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ते नेहमीचंच. नखानं पुसा आणि परत लावा. हाताला टोचणारे तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग गेलंय. आणि तेलात सोनेरी जर मिसळल्यासारखी झाक असेल, चुंबकाला न चिकटणारी, तर ते पितळ आहे. तुमच्या रिंगाच त्या, हळूहळू तेलात उतरलेल्या. मिस्त्री रिंग कोनवर दाबून दोघांमधली फट फीलर गेजनं, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात. नव्या रिंगेला साधारण मिलिमीटरभर असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की बदलायची. तोपर्यंत योग्य तेल तिचे दिवस वाढवू शकतं. झिजलेले आटे परत आणणारं तेल मात्र अजून कुणी बनवलेलं नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती. इंजिन ऑईल बदललं. गिअरचं?

हा प्रश्न मला दोन्ही वेळा पूर ओसरल्यावर कित्येक महिन्यांनी विचारला गेला, तेव्हा उशीर झाला होता. गिअर बॉक्सला हवा खेळायला ब्रीदर असतो. गरम गिअर बॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि गाडी खालच्या भागात लावलेली असेल, तर इंजिनाबरोबर गिअर बॉक्सचंही तेल बघा. चहाच्या रंगाचं दुधी तेल निघालं तर पाणी गेलंय. नवं घालून दोन-चारशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला, कारण पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही. पहिल्या खेपेला स्वस्त, पण योग्य ग्रेडचं तेल घाला.

गिअर गुळगुळीत करणारं ॲडिटिव्ह मिळतं. घालू का?

नको. गुळगुळीतच व्हायला नकोय, वर सांगितलंय. दात निसटतील आणि रिंगही निसटेल.

डिझेल टाकून आतून धुऊन घेऊ?

तेही नको. डिझेल कोपऱ्यात राहतं आणि नवं तेल पातळ करतं. फारच घाण असेल तर नेहमीचंच नवं तेल घालून दोनदा बदला.

माझी गाडी एएमटी आहे, क्लच पेडलच नाही. हे सगळं मला लागू?

आत साधाच मॅन्युअल गिअर बॉक्स आहे, फक्त क्लच आणि लिव्हर मशीन चालवतं. त्यामुळं गिअर ऑईलचं सगळं लागू. मशीनचं हायड्रॉलिक तेल मात्र वेगळं असतं, त्यात हात घालू नका. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लचच्या गाडीला यातलं एक वाक्यही लागू नाही.

किती किलोमीटरला बदलायचं? शोरूमवाले म्हणतात आयुष्यभर बदलायची गरज नाही.

कुणाचं आयुष्य, हे विचारून घ्या. पुस्तकात आकडा असेल तर तो पाळा. नसेल तर मी स्वतः ४० ते ५० हजारांना बदलतो. दोन-अडीच लिटर तेल इतक्या वर्षांतून एकदा, हा काही खर्च नाही. सेकंडहँड गाडी घेतली तर पहिल्याच आठवड्यात बदला, आधीच्या मालकानं काय ओतलंय ते देवालाच ठाऊक.

नवं योग्य तेल घातलं, तरी तिसरा खरखरतोच.

मग रिंग गेलीय, वर सांगितलं तसं. उघडेपर्यंत गिअर सावकाश टाका, न्यूट्रलमध्ये अर्धा क्षण थांबून मग पुढं ढकला. जुने ट्रक ड्रायव्हर दोनदा क्लच दाबतात तसं केलं तर खरखर जवळजवळ जाते. आणि चालवताना डावा हात लिव्हरवर ठेवून द्यायची सवय असेल तर सोडा. तो भार आतल्या फोर्कवर जातो आणि फोर्क स्लीव्हला घासत राहतो. माझ्या काकांची ही सवय चाळीस वर्षांची आहे, मी सांगणं सोडून दिलंय.

काढलेलं जुनं तेल कुठं टाकू?

गटारात नाही. आपली गटारं नाल्यांना, जयंती नाला पंचगंगेला. डब्यात भरा, झाकण लावा आणि ज्या गॅरेजमध्ये ड्रम ठेवलेला असतो तिथं द्या. जुनं तेल गोळा करून नेणारे लोक तिथं येतात. आमच्या दुकानातही आणून दिलं तर घेतो, फक्त पाण्याच्या बाटलीत आणू नका. मागं एकदा एकानं तसं आणलं, बाटली काउंटरवर ठेवली, आणि पोरगं तहानेनं उचलणारच होतं.